वरकस माळावरच्या नऊ टोपल्या



या खेपेस वालावरच्या माव्याविषयी लिहायचे मनात होते. ते लिहिणारच आहे, पण थोडक्यात. कारण मावा पाहायला म्हणून ज्या शेतावर गेलो, तेथे मला एक खेळ खेळावा लागला. तोही वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, पायांत चपला घालून, कमरेएवढ्या गवतात.

शेत मुरबाड तालुक्यातले. गावाचे नाव देत नाही. घरातल्या गोष्टी लिहायच्या तर नाव झाकलेले बरे. कल्याणहून एस.टी.त बसलो, म्हारळ, वरप, कांबा मागे पडले, रायत्याचा पूल ओलांडला की सिमेंटची गर्दी जरा विरळ होते आणि डोळ्यांना शेत दिसू लागते. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतरणीवर हे कुटुंब राहते. खाली सव्वा एकर भाताची खाचरे, वर साडेतीन एकर वरकस. वरकसावर वडिलांच्या वेळी नाचणी-वरी होत असे, पुढे नुसते गवत राहिले. घरच्या कर्त्या माणसाला सारे गाव दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. वय सदुसष्ट. भात कापल्यावर अंगओलीवर वाल टाकायची रीत त्यांनी सोडलेली नाही, हे मला त्यांचे विशेष वाटते. शेजारची निम्मी खाचरे मळणीनंतर उघडी पडतात.

माव्याचे म्हणाल तर कोवळ्या शेंड्यांवर आणि शेंगांच्या देठांवर काळी दाटी झाली होती. पाच टक्के निंबोळी अर्क फवारा, असे सांगितले. पाच किलो निंबोळ्या जाडसर कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी फडक्यातून गाळून शंभर लिटर पाणी करायचे. फवारणी संध्याकाळी ऊन उतरल्यावर. शेतात ढालकिडे दिसत असतील तर त्यांना मारू नका. ते मावा खातात. एवढेच.

हात धुवायला ओटीवर गेलो तेव्हा माझे लक्ष कळशीकडे गेले. तिच्यावर भगव्या रंगाची, जाड काठाची एक प्लास्टिकची तबकडी पालथी घातली होती.

“हे कसले झाकण, वहिनी?”

“पोराचं खेळणं आहे ते, भाऊ. गवत आणायला गेले तर सापडलं. कळशीवर बरोबर बसतं.”

दादा मात्र त्या झाकणाकडे बघेनात. “वर चला, साहेब,” म्हणाले, “तुम्हाला एक दाखवायचं आहे. मग सांगा काय करायचं ते.”

आता थोडे मागचे सांगतो. दादांचा मुलगा डोंबिवलीच्या औद्योगिक भागात एका कारखान्यात कामाला होता. २०२० साली टाळेबंदी झाली, कारखाना बंद राहिला, मुलगा बायकोला घेऊन घरी आला. हात रिकामे बसेनात. वरकसाच्या सपाट पट्ट्यावर त्याने पुढे सहा तंबू टाकले आणि निर्बंध उठल्यावर ठाण्या-डोंबिवलीची मंडळी शनिवारी मुक्कामाला येऊ लागली. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, रात्री शेकोटी, सकाळी चहा. वहिनींच्या हाताला चव आहे, त्यामुळे माणसे पुन्हा येत. पण जेवण झाले की दिवसभर करायचे काय, हा प्रश्न होता. मुलाच्या एका मित्राने परदेशातून येताना आठ-दहा तबकड्या आणल्या होत्या, त्यावरून हा खेळ निघाला.

खेळाचे नाव डिस्क गोल्फ. नावाला भिऊ नका. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारून खड्ड्यात घालतात, येथे तबकडी हाताने फेकून टोपलीत घालायची. एका ठरावीक जागेवरून पहिली फेक. तबकडी जेथे पडेल तेथून दुसरी. टोपलीत पडेपर्यंत किती फेकी लागल्या ते मोजायचे आणि पुढच्या टोपलीकडे वळायचे. नऊ किंवा अठरा टोपल्या झाल्या की सगळ्यांत कमी फेकींचा गडी जिंकला. टोपली म्हणजे एक खांब, त्याला खाली जाळीचे ताट आणि वर गोलाकार लोंबत्या साखळ्या. तबकडी साखळ्यांवर आपटते, तिचा जोर मरतो आणि ती ताटात पडते.

हे मोठ्या शहरातले खूळ असेल असे मलाही वाटले होते. पुढे वाचले तेव्हा कळले की १९२६ साली कॅनडात, गव्हाच्या मुलखातल्या ब्लॅडवर्थ नावाच्या खेड्यात, शाळेची पोरे डब्यांची पत्र्याची झाकणे फेकून असाच खेळ खेळत असत. जमिनीवर वर्तुळे आखायची आणि त्यांत झाकण पाडायचे. प्लास्टिकच्या तबकड्या पुढे अमेरिकेत निघाल्या. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या एका उद्यानात एड हेड्रिक या गृहस्थाने पहिले कायमचे मैदान आखले. सुरुवातीला तेथे नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की झाले. साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट त्याला १९७७ साली मिळाले. आज जगभर अशी पंधरा हजारांवर मैदाने आहेत. हा हेड्रिक २००२ साली वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या केल्या. माणसाला वेड लागले म्हणजे किती लागते पाहा! झाकणापासून निघालेला हा खेळ मुरबाडच्या डोंगरावर येऊन पुन्हा कळशीचे झाकण झाला, याची मला गंमत वाटली. वहिनींना सांगितले तर त्या म्हणाल्या, “मग मी बरोबरच वापरते की.”

मुलाने टोपल्या विकत आणल्या नाहीत. मुरबाडच्या वेल्डिंगवाल्याकडून पाइप जोडून घेतले, सायकलच्या जुन्या रिंगा वर बसवल्या, खाली लोखंडी घमेली. साखळ्या मात्र घरातल्याच. गोठ्यात दोन बैल आणि तीन म्हशी होत्या, त्या टाळेबंदीआधीच विकल्या होत्या. दावणीच्या साखळ्या गोठ्यात खुंट्यांना लटकत होत्या, त्या त्याने काढून टोपल्यांना बांधल्या. रात्री वारा सुटला की माळावरून साखळ्यांचा आवाज येतो. वहिनी सांगत होत्या, पहिल्या वर्षी त्या दोनदा झोपेतून उठून गोठ्याकडे गेल्या होत्या.

२०२२ साली मुलाला पुन्हा नोकरी लागली. बिऱ्हाड डोंबिवलीत झाले, नातवाची शाळा तिकडेच. सुरुवातीला दर शनिवारी येई, मग महिन्यातून एकदा, आता सणाला. सहांपैकी तीन तंबू फाटले. पाहुणे अजून येतात, पण कमी. आणि माळावरच्या टोपल्यांकडे बघायला कोणी उरले नाही.

दादांनी ओटीवरच्या कोनाड्यातून दोन तबकड्या काढल्या. मी म्हटले, “नुसते बघून काय कळणार? खेळून बघू.” विस्ताराच्या कामात तीस वर्षे काढल्यावर एवढे कळते की शेत बांधावरून दिसत नाही, आत पाय घालावा लागतो.

पहिली फेकीची जागा एका ऐनाच्या झाडाखाली. झाडाला ‘१’ आकड्याची पत्र्याची पाटी दोन खिळ्यांनी ठोकलेली, वर तारेचा वेढा. तार सालीत रुतून भोवती गाठ आली होती. अशी तार वर्षानुवर्षे राहिली तर झाडाचे अन्न खाली उतरणे बंद होते आणि धडधाकट झाड वाळते. पाटी लावायची तर काथ्याची सैल दोरी बांधा आणि दर पावसाळ्यापूर्वी ती बदला. मी खिशातल्या पकडीने तार तोडली. मग तबकडी फेकली. ती सरळ निघाली, आपल्याच मनाने डावीकडे कलली आणि करवंदीच्या जाळीत गेली. उजव्या हाताने उलटी फेकली की ती शेवटी डावीकडे वळतेच, हे मला सातव्या टोपलीपाशी उमगले.

दुसऱ्या टोपलीपाशी उतार आहे. सगळे एकाच जागी उभे राहून फेकत, त्या जागेवरचे गवत मेले, माती मोकळी झाली. आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तीन पावसाळ्यांत तेथे गुडघाभर खोल घळ पडली आहे. वरचा मुरूम वाहून खालच्या खाचरात बसला. दादांना हे ठाऊक नव्हते असे नाही. “पोराची जागा आहे,” म्हणाले, “मी कशाला हात लावू?” बापाचे हे उत्तर मला पटले नाही आणि त्यावर काही बोलवलेही नाही.

तिसरी, चौथी, पाचवी या टोपल्या एका ओळीत, साधारण साठ-सत्तर पावलांवर. येथे खरे हाल झाले. सगळीकडे कुसळी. दादा पुढे काठी आपटत चालले होते, मी मागे. तबकडी पडताना दिसे, पण जाऊन पाहावे तर नाही. चौथीपाशी एका तबकडीसाठी आम्ही पाऊण तास घालवला. मोज्यांत, धोतरात, सदऱ्याच्या बाहीत कुसळे. एका कुंपणाजवळ खाजकुइलीच्या वाळलेल्या शेंगा लोंबत होत्या, त्या वेळीच दिसल्या म्हणून वाचलो. शहरातून आलेले पोर तबकडी शोधत त्यात शिरले तर त्याचा मुक्काम त्याच्या आईबापांच्या कायम लक्षात राहील. दुसरी गोष्ट सापाची. अशा गवतात फुरसे असते, घोणस असते. गवतात हात घालून काही शोधू नका, आधी काठीने चाळवा. दंश झालाच तर कापाकापी नको, आवळून बांधणे नको, मांत्रिक नको. माणसाला चालवू नका, अवयव हलू देऊ नका आणि सर्पदंशाची लस असलेले सरकारी रुग्णालय तातडीने गाठा. तंबू टाकून पाहुणे बोलावता तेव्हा ही जबाबदारी तुमची होते.

सहावी टोपली खाचरापलीकडे. म्हणजे टोपलीकडे जायचे तर बांध ओलांडायचा. सगळी मंडळी एकाच जागी ओलांडतात, तेथे बांध फुटला आहे. पावसात त्या फटीतून पाणी वाहते आणि पाण्याबरोबर खत जाते. दोन वर्षे त्या खाचराचे भात पिवळे का पडते याचे उत्तर मला त्या फटीत मिळाले. दादा युरियाचा हप्ता वाढवीत होते! हिवाळ्यात त्याच वाटेवर वाल तुडवला जातो. मी म्हटले, “दादा, ही टोपली उद्याच उपटा. खेळ अलीकडच्या अंगाला होईल. बांध मात्र बांधाच.” ते लगेच हो म्हणाले. शेताचा प्रश्न आला की त्यांना मुलाची परवानगी लागत नाही.

सातवी मोहाच्या मोठ्या झाडाखाली. तेथे सावली आहे, बसायला धोंडा आहे, समोर बारवीचे पाणी दिसते. दादा बसले आणि मला जे दाखवायचे म्हणून वर आणले होते ते येथे बाहेर आले.

“दलाल येऊन गेला दोनदा. वरकस द्या म्हणतो. इथं बंगले बांधायचे आहेत कोणाला. पोरगा म्हणतो, तुमचं तुम्ही ठरवा. पोरगा असं म्हणाला, तेव्हाच मला कळलं.”

“काय कळलं?”

“की तो येत नाही आता.”

मी काय सांगणार? जमीन विकावी की ठेवावी हे सांगणारा मी कोण? सातबारावर कोणाकोणाची नावे आहेत, बहिणींची हरकत आहे का, घेणारा शेतकरी आहे का हे तपासा, कागद तलाठ्याकडे आणि वकिलाकडे नेऊन दाखवा, इसार घेण्याची घाई करू नका, एवढे सांगितले. मनात मात्र माझेच लहानपण आले. आम्ही कल्याणचे. त्या वेळी कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे होती. कापणी झाली की खोडक्यांत आमचा विटीदांडू सुरू. खोडक्या पायाला टोचत, विटी भेगेत जाई, मैदानाची निगा कोणी राखत नसे. ती राखली जाई गुरांमुळे; गुरे चरून चरून जमीन साफ करीत. पुढे १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली, इमारती चढत गेल्या, आणि आज तिथली मुले जाळीच्या आत, हिरव्या प्लास्टिकच्या गवतावर, तासाचे पैसे भरून खेळतात. दादांच्या माळावर शनिवारी जी पोरे येतात ती याच घरांतली. चिखल पाहून ती चेकाळतात, असे वहिनी सांगत होत्या.

दादांना मी विटीदांडूचे मोजमाप विचारले. दांडूने अंतर मोजताना आम्ही वकट, लेंड, मूंड म्हणत असू. “नाल, आर, वेद, झकू,” दादांनी पुढचे पुरे केले आणि पहिल्यांदा हसले. हातातल्या काठीने त्यांनी माझ्या फेकीचे अंतर मोजलेसुद्धा. पुढच्या दोन टोपल्या आम्ही तसेच मोजत खेळलो, नियम कोणाचे का असेनात. आठवीची साखळी गंजून तुटली होती. नववी सापडली नाही, गवतात खांब आडवा झालेला होता.

आता मुद्द्याचे. बंधूंनो, त्या माळावर खेळ मोडला तो गवतामुळे, आणि जमिनीचे उत्पन्न बुडाले तेही त्याच गवतामुळे. एके काळी ठाणे जिल्ह्यातून गवताच्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांना जात. आपल्या वरकसाची ती हक्काची आवक होती. गवत फुलोऱ्यात असताना कापले तर त्यात कस असतो, जनावर आवडीने खाते. कुसळी तर बी धरण्यापूर्वीच कापली पाहिजे. एकदा कुसळे झाली की ती जनावराच्या तोंडात रुततात आणि तिला गिऱ्हाईक राहत नाही. म्हणजे पावसाळा सरता सरता, भातकापणीच्या गर्दीआधी आठ दिवस काढायला हवेत. दादांकडे जनावर राहिले नाही म्हणून त्यांनी कापणे सोडले. पण शेजारच्या गावात म्हशींचे गोठे आहेत, त्यांना वैरण विकत घ्यावी लागते. ‘अर्धे तुमचे, अर्धे आमचे’ या बोलीवर ते स्वतः कापून नेतील. माळ मोकळा होईल, वैरणीचे पैसे येतील, तबकडी पडलेली दिसेल, आणि टोपल्यांसाठी वेगळी निगा राखायचे काम फारसे उरणार नाही. नऊ टोपल्या हव्यातच कशाला? खाचरापलीकडची, घळीवरची आणि मोडलेल्या दोन सोडल्या तर पाच राहतात. पाच नीट असल्या तर पुष्कळ झाल्या. फेकीच्या जागा सपाटीवर घ्या, खाली दगड बसवा, दरवर्षी पावलाभर सरकवा.

सध्या गवत वाळलेले आहे, आणि येथे मला काळजी वाटते. होळीच्या सुमारास राबाची भाजणी सुरू होते. एक ठिणगी उडाली तर कमरेएवढे वाळके गवत आणि मध्ये तंबू! तंबूंच्या भोवती निदान दहा हात रुंद पट्टा आताच कापून, झाडून मोकळा करा. पेटवून साफ करण्याचा मोह नको. शेकोटीच्या जागेभोवती दगडांचे कडे, शेजारी पाण्याचे पिंप आणि झोपण्यापूर्वी राखेवर पाणी. ज्यांना तंबूंचा व्यवसाय रीतसर करायचा आहे त्यांच्यासाठी राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० सालापासून आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. त्याची चौकशी करायला दादांना मी मुलालाच पाठवायला सांगितले. मुद्दामच.

खाली आलो तेव्हा वहिनींनी चहा ठेवला होता. मागच्या खोलीतून त्यांनी एक गोणपाट आणून माझ्यापुढे उलटे केले. आत सात तबकड्या. तीन वर्षांत गवतात, बांधाच्या कडेला, एक तर विहिरीत तरंगताना सापडलेल्या. सगळ्या धुऊन पुसून ठेवलेल्या.

“त्याला सांगितलं नाही?” मी विचारले.

“विचारलं असतं तर दिल्या असत्या.”

कळशीवरची आठवी मात्र त्यांनी त्या ढिगात घातली नाही.

पंधरा दिवसांनी माव्याचे काय झाले ते पाहायला पुन्हा गेलो. मावा आटोक्यात होता, शेंगा भरत होत्या. फुटलेला बांध दगड-मातीने बांधून काढलेला होता. तंबूंभोवतीचा पट्टाही झाला होता. दलालाला दादांनी होळीनंतर या म्हणून सांगितले आहे. नाही म्हटलेले नाही. मुलगा एका रविवारी येऊन गेला, एकटाच, आणि दिवसभर विळा चालवून गेला, असे वहिनींनी सांगितले. मी वर जाऊन पाहिले. पाचव्या टोपलीपर्यंत गवत कापून पेंढ्या बांधलेल्या होत्या. त्यापुढचे अजून उभे होते.